हायपरसोनिक टनेलमध्ये नेमका कसला फ्लो येतोय, ते कॉम्प्युटरवर कसं काढायचं

हायपरसोनिक विंड टनेलच्या (ध्वनीच्या पाचपटीहून जास्त वेगाने गॅस सोडून मॉडेल तपासायचं यंत्र) माहितीपत्रकात मॅक ८, म्हणजे ध्वनीच्या आठपट वेग, लिहिलंय म्हणून मॉडेलवरही मॅक ८ च येतोय असं धरून चालणारी मंडळी भरपूर आहेत, आणि मग हीट फ्लक्सचा (मॉडेलवर पडणाऱ्या उष्णतेचा) आकडा सीएफडीशी, म्हणजे फ्लोच्या कॉम्प्युटर गणिताशी, जुळला नाही की आधी सेन्सरला नावं ठेवायची, मग टर्ब्युलन्स मॉडेलला. पण टेस्ट सेक्शनमधलं (मॉडेल ठेवतात त्या जागेतलं) तापमान, घनता, वेग यातलं जवळजवळ काहीच आपण थेट मोजत नाही. मोजतो काय, तर नोझलच्या मागचं रेझरव्हॉयर (थांबलेल्या गॅसचा साठा) प्रेशर, हीटरवाला टनेल असेल तर तिथलं तापमान, शॉक टनेल (शॉक लाटेने गॅस तापवणारा) असेल तर शॉकचा वेग, आणि टेस्ट सेक्शनमध्ये पिटो प्रेशर, म्हणजे फ्लोच्या तोंडावर धरलेल्या नळीतलं प्रेशर. बाकी जे काही रिपोर्टात छापतो ते सगळं गणित असतं. हे गणित पायरीपायरीने कसं करायचं आणि कुठली पायरी कुठे फसवते ते इथे लिहितोय. बीईचं गॅस डायनॅमिक्स झालंय, पायथन किंवा निदान एक्सेल येतं, एवढं धरून चालतो.

आपल्याकडे आता यासाठी टनेलही आहेत बरं का. तिरुवनंतपुरमला इस्रोच्या व्हीएसएससीमध्ये (विक्रम साराभाई अंतराळ केंद्र) १ मीटरचा हायपरसोनिक टनेल आणि शॉक टनेल २०१७ पासून आहेत, हैदराबादला डीआरडीओचा १ मीटर नोझलचा, मॅक ५ ते १२ चा टनेल डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाला, बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये शॉक टनेलवर कितीतरी वर्षं काम चालू आहे आणि पवईला आयआयटी मुंबईतही शॉक टनेल आहे. त्यामुळे हे फक्त परदेशातल्या लोकांचं काम राहिलेलं नाही.

आधी एक्सेल, मग बाकीचं

सीएफडी सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक शीट बनवा. उदाहरण म्हणून एक सरळ केस घेऊ: हीटरवाला टनेल, हवा, रेझरव्हॉयर प्रेशर ३० बार, तापमान ९०० केल्व्हिन, नोझल मॅक ८. गॅमा (गॅसच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) १.४ धरला तर रेझरव्हॉयर आणि फ्लोच्या तापमानाचं गुणोत्तर १ + ०.२ × मॅकचा वर्ग, म्हणजे १३.८, आणि प्रेशरचं गुणोत्तर त्याचा ३.५ वा घात, म्हणजे साधारण ९७६३. म्हणून फ्लोचं तापमान ६५.२ केल्व्हिन, प्रेशर ३०७ पास्कल, वेग १२९५ मीटर प्रति सेकंद, घनता ०.०१६४ किलो प्रति घनमीटर. या आकड्यांना घट्ट धरून बसू नका, पण पुढे सीएफडीने काही भलतंच दाखवलं तर पकडायला हेच उपयोगी पडतात. ही सगळी गुणोत्तरं नाकाच्या (NACA, नासाच्या आधीची अमेरिकन संस्था) १९५३ च्या रिपोर्ट नंबर ११३५ मध्ये तक्त्यात दिलेली आहेत, नेटवर फुकट मिळतो, डाउनलोड करून ठेवाच.

आता हीटर कशाला लागतो तेही याच शीटमध्ये दिसेल. ९०० च्या जागी ३०० टाका, फ्लोचं तापमान येतं २२ केल्व्हिनच्या आसपास. नायट्रोजन साध्या वातावरणीय दाबाला ७७ केल्व्हिनलाच द्रव होतो. प्रेशर कमी असलं की ही हद्द खाली सरकते हे खरं, पण २२ पर्यंत नाही, म्हणजे नोझलमध्ये हवा हवा राहणारच नाही, थेंब आणि कण होणार आणि तुमचे सगळे आयसेंट्रॉपिक (एन्ट्रॉपी स्थिर धरलेले) तक्ते कचऱ्यात. म्हणून शीटमध्ये एक कॉलम असा ठेवा की फ्लोच्या प्रेशरला, नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा आपापला आंशिक दाब धरून, सॅच्युरेशन तापमान (जिथे गॅस द्रव व्हायला लागतो) किती आणि आपण त्याच्या किती वर आहोत. ऑक्सिजन आधी त्रास देतो, तो लोक विसरतात. प्रत्यक्षात थोडं सुपरसॅच्युरेशन, म्हणजे हद्दीच्या खाली जाऊनही गॅसच राहणं, चालून जातं, पण त्या भरवशावर टेस्ट प्लॅन करायचा नाही.

गॅमा १.४ कुठे सुटतो

९०० केल्व्हिनला हवेचे रेणू थरथरायला लागलेले असतात, म्हणजे व्हायब्रेशनमध्ये ऊर्जा जायला लागते आणि सीपी (स्थिर दाबाची विशिष्ट उष्णता) स्थिर राहत नाही. हवेच्या तक्त्यात ९०० केल्व्हिनला एन्थाल्पी (गॅसमधली उष्णतेची ऊर्जा) बघा, ९३२.९ किलोज्यूल प्रति किलो आहे, आणि स्थिर सीपीने काढली तर ९०४ येते. तीन टक्क्यांचा फरक, लोक म्हणतात चालतंय. पण तो पुढे कसा पसरतो ते बघा. एनर्जीचं समीकरण आणि एन्ट्रॉपीचा तक्ता वापरून परत मॅक ८ ला गणित केलं की तापमान ६७.३ केल्व्हिन, प्रेशर २९६ पास्कल, वेग १३१६, घनता ०.०१५३. सदरलँडच्या सूत्राने व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) काढून रेनॉल्ड्स नंबर (जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) काढला तर दर मीटरला ४४.५ लाख, आणि गॅमा १.४ वाल्या शीटमध्ये तोच ४८.७ लाख होता. म्हणजे एन्थाल्पीतले तीन टक्के रेनॉल्ड्सपर्यंत पोचेस्तोवर नऊ टक्के झाले, आणि ट्रान्झिशनवर (शांत लॅमिनार फ्लो खळबळीचा टर्ब्युलंट होतो त्यावर) काम करणाऱ्याला नऊ टक्के म्हणजे काही थोडे नाहीत. (आणि सदरलँडही १०० केल्व्हिनच्या खाली फारसा भरवशाचा नाही, त्यामुळे कोणतं सूत्र वापरलं ते लिहून ठेवायचं.)

हे हाताने करायची गरज नाही. पायथनमध्ये कॅन्टेरा (गॅसची थर्मोडायनॅमिक्स आणि केमिस्ट्री काढणारी लायब्ररी) टाका, हवेची रचना द्या, एन्ट्रॉपी स्थिर ठेवून प्रेशर कमी कमी करत जा आणि दर पायरीला एन्थाल्पीच्या फरकातून वेग काढा, वीस-पंचवीस ओळींचा कोड होतो. फक्त एक खड्डा आहे आणि त्यात नवीन माणूस हमखास पडतो: हवेच्या घटकांचे जे थर्मोडायनॅमिक पॉलिनॉमियल या लायब्रऱ्यांमध्ये असतात ते बहुतेक २०० किंवा ३०० केल्व्हिनपासून वरचे. आपला फ्लो ६७ ला. लायब्ररी एक वॉर्निंग देते किंवा तीही देत नाही, आणि पॉलिनॉमियल आपल्या हद्दीच्या बाहेर जाऊन काहीही सीपी देतं, कधीकधी निगेटिव्हसुद्धा. उपाय साधा आहे, २०० च्या खाली सीपी म्हणजे ३.५ गुणिले गॅस कॉन्स्टंट असं स्वतः ठोकून द्यायचं, कारण तिथे व्हायब्रेशन जवळपास शून्य असतं आणि हवा अगदी शहाण्यासारखी वागते.

नोझलचा नकाशा म्हणजे नोझल नाही

सगळ्यात मोठी चूक इथे होते. ड्रॉइंगवरून एक्झिटचा व्यास घेतला, थ्रोटचा (नोझलच्या सगळ्यात अरुंद भागाचा) घेतला, क्षेत्रफळांचं भागिले केलं, तक्त्यातून मॅक काढला, झालं. समजा एक्झिट ३०० मिमी आणि थ्रोट २० मिमी. क्षेत्रफळांचं गुणोत्तर २२५, तक्त्यात मॅक ८.३. पण नोझलच्या भिंतीवर बाउंडरी लेयर (भिंतीलगतचा मंदावलेला थर) वाढत आलेला असतो आणि हायपरसोनिकमध्ये त्याची डिस्प्लेसमेंट थिकनेस, म्हणजे फ्लोला तो जेवढा आत ढकलतो ती जाडी, चांगलीच जाड असते, कारण भिंतीजवळचा गॅस घर्षणाने तापतो, विरळ होतो आणि जागा खातो. समजा ती एक्झिटला १२ मिमी आहे. मग फ्लोला मिळणारा व्यास उरतो २७६, गुणोत्तर १९० आणि मॅक ८. आता ८.३ आणि ८ मध्ये काय मोठंसं असं वाटेल, पण प्रेशरचं गुणोत्तर बघा: मॅक ८.३ ला १२४०७, मॅक ८ ला ९७६३. बारा मिलिमीटर विसरलात तर फ्लोचं प्रेशर एकवीस टक्के कमी धराल.

आणि ही जाडी कायमची नसते. रेझरव्हॉयर प्रेशर कमी केलं की रेनॉल्ड्स कमी होतो, लेयर जाड होतो, मॅक थोडा खाली येतो. त्यामुळे एकच नोझल ३० बारला एक मॅक देतं आणि १० बारला दुसरा. टनेलचा मॅक असा एक आकडा नसतोच, दर ऑपरेटिंग कंडिशनला वेगळा असतो. ज्याने तुम्हाला फक्त एक आकडा दिला त्याला विचारा की हा कुठल्या प्रेशरचा.

डिस्प्लेसमेंट थिकनेस काढायचे दोन मार्ग. एक, नोझलच्या भिंतीवरून बाउंडरी लेयरची इंटिग्रल समीकरणं चालवायची, जलद आहे आणि सुरुवातीला पुरेसं आहे. दुसरं, सरळ अॅक्सिसिमेट्रिक (अक्षाभोवती सारखा फ्लो धरणारं) नेव्हियर-स्टोक्स सीएफडी, म्हणजे चिकटपणासकट फ्लोची पूर्ण समीकरणं, त्याबद्दल खाली. पण दोन्हीमध्ये लेयर लॅमिनार की टर्ब्युलंट, आणि ट्रान्झिशन कुठे, हा प्रश्न तुमच्या गळ्यात पडतोच, आणि त्याचं उत्तर मोजलेल्या पिटोशिवाय कुणी छातीठोकपणे देऊ शकत नाही.

पिटो काय सांगतो, काय लपवतो

टेस्ट सेक्शनमध्ये पिटो रेक (ओळीत लावलेल्या पिटो नळ्या) लावून आडवा प्रोफाइल घ्यायचा. मधला सपाट भाग म्हणजे कोअर, मॉडेल त्याच्या आतच बसलं पाहिजे. आपल्या केसमध्ये पिटो साधारण २४.५ ते २५.५ किलोपास्कल यायला हवा, कुठला गॅस मॉडेल धरला त्यावर. पिटोतून मॅक काढायला तो फार छान आहे, कारण मॅक ८ च्या आसपास रेझरव्हॉयर प्रेशर तेच ठेवलं तर पिटो साधारण मॅकच्या उणे साडेचार घाताने बदलतो, म्हणजे पिटोमध्ये १ टक्का चूक असेल तर मॅकमध्ये फक्त ०.२ टक्के. पण तोच मॅक घेऊन स्टॅटिक प्रेशर काढायला गेलात की ते उणे साडेसहा घाताने जातं आणि ०.२ चे परत जवळजवळ दीड टक्के होतात. हा हिशोब प्रत्येक राशीसाठी शीटमध्ये करून ठेवा, कुठली राशी कशाला हळवी आहे ते एकदा कळलं की निम्मी भांडणं मिटतात.

पिटोचा लपवाछपवीचा भाग हाय एन्थाल्पीला येतो. तिथेच वळू.

शॉक टनेल असेल तर

रिफ्लेक्टेड शॉक टनेलमध्ये हीटर नसतो, शॉक ट्यूबमध्ये एक जोरदार शॉक सोडायचा, तो टोकाला आपटून परत फिरतो आणि त्याच्या मागे दाबलेला, तापलेला, थांबलेला गॅस हाच नोझलचा रेझरव्हॉयर. ही अवस्था मिलिसेकंदांच्या हिशोबात टिकते, तिथे थर्मोकपल लावून तापमान मोजणं विसरा. त्यामुळे गणित असं चालतं: ट्यूबमध्ये भरलेल्या गॅसचं प्रेशर आणि तापमान (अवस्था १), शॉकचा वेग, त्यावरून शॉकच्या मागची अवस्था २, परत फिरलेल्या शॉकमागची अवस्था ५, आणि शेवटी मोजलेल्या रेझरव्हॉयर प्रेशरपर्यंत आयसेंट्रॉपिक सरकवून घ्यायचं, कारण मोजलेलं प्रेशर आणि अवस्था ५ चं प्रेशर तंतोतंत कधी जुळत नाही.

हवा ३०० केल्व्हिनला, शॉक मॅक ५, म्हणजे वेग १७३६ मीटर प्रति सेकंद. गॅमा १.४ ने अवस्था ५ चं तापमान येतं ३५६४ केल्व्हिन आणि प्रेशर भरलेल्या प्रेशरच्या १९१ पट. इतक्या तापमानाला १.४ धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक, ऑक्सिजन तुटायला लागलेला असतो, नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, ऊर्जा तिकडे जाते आणि खरं तापमान काही शे केल्व्हिनने खाली बसतं. म्हणून इक्विलिब्रियम केमिस्ट्री (रिअॅक्शन पूर्ण समतोलाला पोचल्या असं धरणारी) लागते: नासाचा सीईए प्रोग्रॅम, किंवा कॅन्टेरा, किंवा क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गॅस डायनॅमिक्स टूलकिटमधले प्रोग्रॅम, जे खास याच कामासाठी लिहिलेत आणि ओपन सोर्स आहेत. (तिथला टी४ टनेल १९८७ पासूनचा, रे स्टॉकर यांच्या फ्री पिस्टन (मोकळ्या पिस्टनने गॅस दाबायच्या) परंपरेतला, त्यामुळे हे कोड खऱ्या शॉट्सवर (टनेलच्या टेस्टवर) घासून निघालेले आहेत.)

इथे एक गोष्ट जरा जवळून बघा, शॉकचा वेग. दोन प्रेशर सेन्सर, मधलं अंतर अर्धा मीटर, शॉकला ते कापायला २८८ मायक्रोसेकंद. सिग्नल उडी कधी मारतो ते डोळ्याने ठरवताना ५ मायक्रोसेकंद इकडचे तिकडे झाले, आणि ते सहज होतात, तर वेगात पावणेदोन टक्के चूक. एन्थाल्पी वेगाच्या वर्गाने जाते, म्हणून तिच्यात साडेतीन. शिवाय शॉक ट्यूबमधून जाताना मंदावत जातो, त्यामुळे टोकाजवळचे शेवटचे सेन्सर वापरायचे, सुरुवातीचे नाही. तुमचं महागडं नॉनइक्विलिब्रियम (रिअॅक्शनला लागणारा वेळ धरणारं) मॉडेल या साडेतीन टक्क्यांवर उभं आहे हे लक्षात असू द्या. कोडमध्ये दहावा रिअॅक्शन टाकण्याआधी ट्रिगर काढायची पद्धत सुधारा, जास्त फायदा होईल.

आता नोझल. थ्रोटपर्यंत गॅस दाट आणि गरम, रेणूंच्या टकरा भरपूर, इक्विलिब्रियम चालून जातं. थ्रोटनंतर घनता धाडकन पडते, टकरा संपतात, आणि तुटलेल्या ऑक्सिजनला परत जुळायला, नायट्रोजनच्या व्हायब्रेशनला शांत व्हायला वेळच मिळत नाही. लग्नाच्या हॉलमधून पाहुणे वेळ संपली म्हणून बाहेर काढले आणि अर्धे जण अजून जेवायचेच होते, तसं. गॅस गोठतो, म्हणजे फ्रीझ होतो: टेस्ट सेक्शनमध्ये साधं तापमान काही शे केल्व्हिन आणि नायट्रोजनचं व्हायब्रेशनल तापमान हजाराच्या कितीतरी वर, सोबत काही टक्के नायट्रिक ऑक्साइड जे खऱ्या आकाशात नसतं.

यासाठी एकमितीय नॉनइक्विलिब्रियम नोझल कोड चालवायचा. या जातीचा जुना प्रसिद्ध कोड कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबमधून १९६६ मध्ये आला, एनईएनझेडएफ नावाचा, आणि क्वीन्सलँडच्या टूलकिटमध्ये त्याच धर्तीचा नवा प्रोग्रॅम आहे. त्याला भरलेल्या गॅसची अवस्था, शॉकचा वेग, रेझरव्हॉयर प्रेशर, नोझलचा आकार द्यायचा आणि शेवट कुठे करायचा ते सांगायचं: एक तर क्षेत्रफळाच्या गुणोत्तरावर, नाहीतर मोजलेल्या पिटो आणि रेझरव्हॉयर प्रेशरच्या गुणोत्तरावर. दुसरा पर्याय घ्या. त्यात बाउंडरी लेयरची जाडी आपोआप हिशोबात येते, वर सांगितलेल्या बारा मिलिमीटरची कटकट बऱ्यापैकी मिटते.

पण मग लोक म्हणतात, पिटो जुळला, झालं. नाही झालं. हायपरसोनिकमध्ये पिटो म्हणजे जवळपास ०.९२ गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. घनता आणि वेगाचा गुणाकार मास फ्लो आणि क्षेत्रफळ ठरवतात, वेग एकूण एन्थाल्पी ठरवते, आणि फ्रीझिंगमुळे वेग जेमतेम काही टक्के हलतो. म्हणून गॅस इक्विलिब्रियममध्ये आहे का गोठलाय, पिटोला फारसा फरक पडत नाही, तुम्ही चुकीचं मॉडेल वापरलं तरी तो मान डोलावतो. सगळा मार बसतो तापमानावर, आणि त्यामुळे स्टॅटिक प्रेशर आणि मॅकवर. फ्रीझिंगचं मॉडेल तपासायचं असेल तर नोझलच्या भिंतीवर किंवा प्रोबवर स्टॅटिक प्रेशर मोजा, आणि लेसर हाताशी असेल तर नायट्रिक ऑक्साइडच्या रेषांवरून तापमान. फक्त पिटोवर केलेलं व्हॅलिडेशन कुणी दाखवलं तर नम्रपणे स्टॅटिक प्रेशर मागा.

पूर्ण सीएफडी कधी आणि कसं

एकमितीय कोड सरासरी सांगतो, कोअर सपाट आहे का, अक्षावर खड्डा किंवा टेंगूळ आहे का ते सांगत नाही. कॉन्टूर (वळणदार भिंतीच्या) नोझलमध्ये भिंतीच्या बारीक चुकांमधून निघालेल्या लहरी अक्षावर येऊन गोळा होतात, कोनिकल (शंकूसारख्या) नोझलमध्ये फ्लो पुढे पुढे पसरतच जातो म्हणून मॉडेलच्या नाकाला एक मॅक आणि शेपटीला दुसरा. हे बघायला अॅक्सिसिमेट्रिक सीएफडी लागतं. आयल्मर, एसयू२, ओपनफोम, यातला जो सीएफडी कोड येतो तो घ्या, पण दोन तापमानांचं (व्हायब्रेशनचं तापमान वेगळं धरणारं) मॉडेल लागणार असेल तर आधी बघा की त्या कोडमध्ये ते खरंच आहे का.

भिंतीला तापमान ठरलेलं द्या, साधारण ३०० केल्व्हिन. शॉक टनेलमध्ये टेस्ट इतक्यात संपते की भिंत तापायला वेळ नसतो, अॅडियाबॅटिक (उष्णता न घेणारी) भिंत दिली तर लेयर उगाच जाड येईल. हीटरवाल्या टनेलमध्ये रन सेकंदांनी चालतो, तिथे थ्रोटजवळची भिंत तापते, तेवढं बदलून घ्या. ग्रिडमध्ये वाय प्लस (भिंतीजवळच्या पहिल्या चौकटीच्या उंचीचं माप) एकच्या खाली ठेवायचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण बघतात एक्झिटला, आणि तो बिघडतो थ्रोटला, कारण तिथे घनता प्रचंड आणि लेयर कागदासारखा. थ्रोटला बघा. सुरुवात शून्य फ्लोने केली तर सॉल्व्हर पहिल्या दोनशे स्टेपमध्येच प्राण सोडतो, म्हणून एकमितीय उत्तर भरून सुरू करा, आधी फर्स्ट ऑर्डर (ढोबळ अचूकतेची पद्धत), सीएफएल (टाइम स्टेप ठरवणारा आकडा) कमी, मग हळूहळू वर.

कन्व्हर्ज झालं का, म्हणजे उत्तर स्थिरावलं का, ते रेसिड्युअलवरून (समीकरणात उरलेल्या चुकीवरून) ठरवू नका, तो कधीकधी एका पातळीला अडकून बसतो आणि उत्तर तरी बरोबर असतं, कधी उलट. दर सेक्शनला मास फ्लो काढा, थ्रोटपासून एक्झिटपर्यंत अर्ध्या टक्क्यात जुळला पाहिजे. कोअरमध्ये एकूण एन्थाल्पी रेझरव्हॉयरएवढीच राहिली पाहिजे. एक्झिटचा पिटो प्रोफाइल काढून मोजलेल्या रेकवर ठेवा. कोअर जुळला पण कडा जुळल्या नाहीत तर ट्रान्झिशनची जागा चुकली आहे, ती पुढेमागे करून परत चालवा. ग्रिड दुप्पट करून एकदा तरी बघाच.

शेवटी रिपोर्टात जे लिहाल त्यात मॅक एकटा सोडू नका. प्रेशर, तापमान (व्हायब्रेशनल वेगळं असेल तर तेही), वेग, घनता, घटकांचं प्रमाण, दर मीटर रेनॉल्ड्स, आणि प्रत्येकापुढे अनिश्चितता. ती काढायला वेगळं काही शिकायला नको: शॉकचा वेग, भरलेलं प्रेशर, रेझरव्हॉयर प्रेशर, पिटो, यांना आपापल्या चुकीच्या हद्दीत रँडम हलवून एकमितीय कोड पाचशे-हजार वेळा पळवायचा, रात्री लावून झोपा, सकाळी हिस्टोग्राम तयार. त्याच फाइलमध्ये गॅस मॉडेल कुठलं, रिअॅक्शन रेट कुणाचे, व्हिस्कॉसिटी कुठल्या सूत्राने आणि कोडचं व्हर्जन कुठलं तेही टाकून ठेवा, कारण दोन वर्षांनी तोच शॉट दुसऱ्या कुणाला परत काढायचा असतो आणि तोपर्यंत मूळ माणूस दुसऱ्याच गावाला नोकरीला लागलेला असतो.